उघाडी अडकते तेव्हा : कंपवात आणि हालचालींचे इतर आजार

मामांची आंब्याच्या हिशेबाची वही अजून घरात आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. पेट्या किती गेल्या, गाडीभाडं किती, वाशीला दर काय लागला, सगळं मामांच्या हातचं. दहा वर्षांपूर्वीचं पान आणि सात वर्षांपूर्वीचं पान शेजारी शेजारी ठेवलं तर काय झालं ते आज शेंबड्या पोरालाही कळेल. जुन्या पानावर ठसठशीत अक्षर आहे. नव्या पानावर ओळीच्या सुरुवातीला अक्षर मुगाएवढं आणि ओळ संपेपर्यंत मोहरीएवढं.

तेव्हा मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. मामांचा उजवा खांदा धरला होता. सहा महिने तेलं लावली, शेक दिले, खांद्याचे व्यायाम झाले. मग एका संध्याकाळी पडवीत बसलेल्या मामांचा अंगठा आणि बोटं तंबाखू मळावी तशी हलताना दिसली. हातात तंबाखू नव्हती. वाडीचा निकाल ठरलेला होता : "वय झाला, दुसरा काय!" गणपतीला मुंबईहून आलेल्या माझ्या मावसभावाने पहिल्या दिवशीच विचारलं, "मामा असे पुतळ्यासारखे का बसलेत?" रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते वर्षातून एकदा येणाऱ्या चाकरमान्याला दिसतं. शेवटी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं, बोटांची चिमूट भराभर उघड-मीट करायला सांगितली, एक ओळ लिहून घेतली. पार्किन्सन्स. आपल्याकडे म्हणतात तो कंपवात.

दरवर्षी ११ एप्रिलला, म्हणजे जागतिक पार्किन्सन्स दिनाला, पेपरात या आजारावर एखादा कॉलम येतो आणि त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर 'खाजकुयलीच्या बियांनी कंपवात जातो' असा मेसेज फिरतो. दोन्ही वाचून माणूस आधीपेक्षा जास्त गोंधळतो. मी डॉक्टर नाही. पण या सात वर्षांत जे वाचलं, विचारलं आणि घरात पाहिलं, ते आमच्या भागातल्या माणसाला समजेल अशा शब्दांत मांडतो.

खारबंधाऱ्याची उघाडी

खाडीकाठच्या माणसाला खारबंधारा सांगायला नको. इतरांसाठी एवढंच : भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून खाडीला बांध घालतात आणि त्या बांधात झडपांचं दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या रेट्याने झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं साचलेलं पाणी बाहेर पडतं. उघाडी नीट चालली तर शेत पिकतं. गंजून अडकली तर बांध शाबूत, पाणी शाबूत, तरी शेत बुडतं.

आपल्या मेंदूत खोलवर पेशींचे काही पुंजके असतात, त्यांचं काम बरंचसं असंच असतं. हात उचलायचा, मान वळवायची, उठायचं, खाकरायचं अशा शेकडो हालचालींची तयारी मेंदूत कायम असते. सगळ्या एकदम सुटल्या तर माणूस नाचणाऱ्या बाहुलीसारखा होईल. म्हणून हे पुंजके झडप एरवी बंदच ठेवतात, आणि जी हालचाल हवी तेवढीच वाट नेमक्या क्षणी मोकळी करतात. चहाचा कप उचलताना आपण "आता दंड वर, आता मनगट सरळ" असा विचार करत नाही. तो विचार या उघाड्या आपल्यासाठी करतात.

ही झडप सहज हलावी म्हणून वंगण लागतं. ते वंगण म्हणजे डोपामिन नावाचं रसायन. मेंदूच्या देठाशी गडद रंगाचा एक पट्टा असतो. शवविच्छेदनात तो नुसत्या डोळ्यांनी काळपट दिसतो, म्हणून त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'काळा पदार्थ' असा आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या या काळ्या पट्ट्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. एवढ्या मोठ्या गावाला वंगण पुरवणारं हे एवढंसं दुकान.

पार्किन्सन्समध्ये हे दुकान हळूहळू बंद पडत जातं. पेशींच्या आत एका प्रथिनाच्या गाठी साचतात आणि पेशी एकेक करून मरतात. चेतापेशी अशा झिजत जाण्याच्या आजारांचा मोठा गट आहे, स्मृतिभ्रंशाचा अल्झायमर त्यातलाच. पार्किन्सन्समध्ये झीज हालचालींच्या उघाडीपाशी सुरू झालेली दिसते, एवढाच ढोबळ फरक. यातली सर्वांत खट्याळ गोष्ट अशी की मेंदू बराच काळ उरलेल्या पेशींवर भागवून नेतो. हात हलायला लागतो तेव्हा या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास आधीच गेलेल्या असतात. म्हणजे आम्हाला आजार 'सुरू झाला' असं वाटलं त्या संध्याकाळी तो जुना झालेला होता.

अंगात ताकद आहे, तरी उठता येत नाही?

इथे सगळ्यांची गल्लत होते, आमचीही झाली. मामांना खुर्चीतून उठता येईना, तेव्हा आम्ही त्यांना खायला घालायला लागलो. नाचणीचं सत्त्व काय, खजूर काय! पण त्यांच्या स्नायूंत ताकद होती. डॉक्टरांनी हात दाबायला सांगितला तर बोटं पिरगळतील असा दाबायचे. पाणी भरपूर, शेत तयार, आणि मधली झडप जाम. मनात आलेली हालचाल अंगापर्यंत यायला वेळ लागतो, आलीच तर छोटी होऊन येते.

हे 'छोटं होणं' एकदा ध्यानात आलं की सगळी लक्षणं एका माळेत बसतात. अक्षर छोटं होतं. पाऊल छोटं होतं, फरफटतं. आवाज छोटा होतो. भजनात वरच्या पट्टीत गाणारा माणूस पुटपुटायला लागतो. चालताना हाताचा झोका छोटा होतो, मग एका बाजूचा बंदच होतो, आणि न हलणारा खांदा आखडतो. मामांच्या 'धरलेल्या खांद्या'चं मूळ हे होतं. पापण्या कमी मिटतात. चेहऱ्यावरचे भाव छोटे होतात, आणि माझ्या मते माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मामांच्या घरी आलेली माणसं सांगत सुटली की मामा हल्ली शिष्ट झालेत, हसत नाहीत. मामांना आतून हसू येत होतं. ते ओठांपर्यंत पोचत नव्हतं.

याला जोडून अंग ताठरतं. कोपर हलवून पाहिलं तर दातेरी चाक फिरवल्यासारखे अडखळते झटके हाताला लागतात. पुढे तोल जायला लागतो. आणि कंप, ज्यावरून नाव पडलं, तो हात मांडीवर निवांत असताना दिसतो, काही धरायला गेलं की कमी होतो. खरं सांगायचं तर कंप माझ्या उघाडीच्या गोष्टीत नीट बसत नाही. त्याच्यामागे मेंदूतले आणखी काही धागे आहेत, आणि बाकीची लक्षणं गोळीने जेवढी हटतात तेवढा कंप कित्येकदा हटत नाही.

'कंपवात' हे नावही थोडं फसवं आहे. दहातल्या दोन-तीन रुग्णांना कंप नसतोच. उलट नुसता हात कापणं म्हणजे पार्किन्सन्स असंही नाही. कपबशी धरताना, सही करताना हात कापतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, असा वेगळा आणि जास्त आढळणारा आजार आहे. तो बऱ्याचदा घराण्यात चालतो आणि त्याची औषधं वेगळी.

बांगड्याचा वास गेला तेव्हा

हालचालींचा आजार म्हटलं तरी तो हालचालींपुरता राहत नाही. मामांना आजार कळण्याच्या चार-पाच वर्षं आधी घरात सुके बांगडे भाजले तरी पत्ता लागत नसे. किनारपट्टीवरच्या माणसाला भाजलेल्या सुक्या मासळीचा वास येत नाही, यावर आम्ही त्यांची थट्टा करायचो. वास जाणं, वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ असणं आणि झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ओरडणं ही तीन चिन्हं कंप दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात. झोपेत स्वप्न पडताना शरीर एरवी सैल सोडलेलं असतं. तो बंदोबस्त ढिला पडला की माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. मामीने एका रात्री गालावर फटका खाल्ला. दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं, 'बाहेरचं काही' असेल म्हणून. गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. फक्त त्याच आठवड्यात डॉक्टरचीही पायरी चढावी.

(नुसता वास येत नाही म्हणून घाबरू नका. सर्दी, वय, कोविड, कारणं पन्नास आहेत.)

पुढच्या टप्प्यावर उठून उभं राहताच रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवीची घाई होते, लाळ गळते, मन उदास राहतं. उदासीला "आजार झाला म्हणून वाईट वाटतंय" असं म्हणून सोडून देऊ नये. मेंदूतल्या त्याच झिजेचा तोही भाग असतो आणि त्यावर उपचार होतात. काहींना नंतर नसलेली माणसं दिसतात. अंगणात कोणी उभं आहे असं मामा सांगायचे तेव्हा शेजारच्या आजी हात जोडून म्हणाल्या, राखणदार असेल. डॉक्टरांनी एका गोळीचं प्रमाण कमी केलं आणि राखणदार यायचे थांबले.

गिळणंही मंदावतं, आणि आमच्याकडे ते फार महत्त्वाचं. पाणी, सोलकढी असे पातळ पदार्थ पटकन श्वासनलिकेत ठसकतात. घट्टसर पेज बरी जाते. ठसक्यातून फुप्फुसात गेलेल्या अन्नाने होणारा न्यूमोनिया या आजारात जिवावर बेततो. पेडव्यासारखी काटेरी मासळी मामांच्या ताटातून गेली. मोरी माशाचं मटण आणि काटा काढलेली सुरमई राहिली.

उघाडी मिटलीच नाही तर?

याच्या अगदी उलट बिघाडही असतो. झडप मिटवून धरणाऱ्या पेशीच आधी मेल्या तर नको असलेल्या हालचाली सुटत राहतात. खांदा उडतो, बोटं पियानो वाजवल्यासारखी हलतात, चाल नाचल्यासारखी होते. हा हंटिंग्टनचा आजार. त्याचं कोडं सुटलं तेही एका मासेमारांच्या वस्तीत. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठी, कोळ्यांच्या गावांत, हा आजार पिढ्यानपिढ्या मोठ्या संख्येने होता. अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांनी १९७९ पासून तिथे जाऊन हजारो माणसांची वंशावळ आणि रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांच्या स्वतःच्या आईला हाच आजार होता. १९९३ मध्ये त्याचं जनुक सापडलं. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा 'राम राम राम' असा पुन्हा पुन्हा येतो. तो ४० वेळा किंवा त्याहून जास्त आला तर आजार होतोच. आई किंवा वडील, एकाला असला तरी प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी.

तिसऱ्या प्रकारात उघाडी ठीक असते, पण होडीचं सुकाणू जातं. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू तोल आणि नेम सांभाळतो. तो झिजला की माणूस पाय फाकून, झोकांड्या देत चालतो, बोलणं अडखळतं. अशा माणसाला गावात काय म्हणतात ते सांगायला नकोच. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसालाही 'दुपारीच लावून येतो' म्हणतात.

पार्किन्सन्ससारखेच दिसणारे पण वेगळे असेही काही आजार आहेत. सुरुवातीच्या वर्षातच वारंवार पडणं, विशेषतः मागे पडणं, जिना उतरताना खाली बघता न येणं, किंवा गोळीचा काहीच उपयोग न होणं, असं असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

एमआरआय तर नॉर्मल आला!

खर्च करून, गाडी करून, एमआरआय काढला आणि रिपोर्ट 'नॉर्मल'. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो डॉक्टरला कळत नाही, दुसरा म्हणतो मामा नाटक करतात. बहुतेक पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय नॉर्मलच असतो. तो काढतात ते गाठ, पाणी साठणं, पक्षाघाताचे लहान लहान झटके असं दुसरं काही नाही ना हे बघायला. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतही हा आजार दिसत नाही. निदान होतं ते जाणकार डॉक्टरच्या डोळ्यांनी आणि हातांनी. म्हणून मी सगळ्यांना सांगतो : जुनी वही, जुनं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग, मोबाइलवर काढलेली चालतानाची क्लिप सोबत न्या.

आणि चालू गोळ्यांची पिशवी न्या. काही औषधं डोपामिनचं काम अडवून हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं करतात. मानसिक आजारांची काही औषधं, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, आणि चक्करेसाठी दिलेलं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन. चक्करेची गोळी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि आमच्याकडची म्हातारी माणसं ती मेडिकलमधून आणून तीन-तीन वर्षं घेतात! असं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत माणूस पुष्कळदा सुधारतो. दुसरं कुठलं शोधकाम करण्याआधी घरातला गोळ्यांचा डबा उपडा करावा.

सर्पगंधा आणि खाजकुयली

आता व्हॉट्सॲपच्या मेसेजकडे येतो. गंमत म्हणजे या आजाराचं औषध सापडण्याच्या गोष्टीत आपल्या कोकणच्या रानातल्या दोन वनस्पती आहेत, आणि दोघींची कामं एकमेकींच्या उलट.

सर्पगंधेच्या मुळातून १९५२ मध्ये रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावर ते खूप वापरलं जाऊ लागलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं. ससे दगडासारखे झाले, कान पडले, हालेनात. मग त्यांनी लेव्होडोपा नावाचं दुसरं द्रव्य दिलं आणि काही मिनिटांत ससे उड्या मारायला लागले. सर्पगंधेने मेंदूतलं डोपामिन आटवलं होतं, लेव्होडोपाने ते परत भरलं. तोवर डोपामिनला स्वतःचं काही काम असतं हेच फारसं कोणी मानत नव्हतं. पुढे व्हिएन्नात पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, त्यांत डोपामिन खरंच कमी निघालं. १९६७ मध्ये अमेरिकेत कॉटझियास यांनी लेव्होडोपा वाढत्या डोसने कसा द्यायचा ते दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि लेव्होडोपा? तो खाजकुयलीच्या बियांत आहे, हे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवून दिलं होतं. शाळेत ज्या शेंगांची कूस एकमेकांच्या सदऱ्यात टाकून आपण मार खाल्ला, तीच ही वेल. आयुर्वेदात ती कंपवातासाठी सांगितलेली आहे. म्हणजे मेसेज पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे.

अडचण अशी आहे. लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूत पोचल्यावर झालं पाहिजे. पण बराचसा वाटेतच, रक्तात आणि आतड्यात, डोपामिन होऊन बसतो. तिथलं डोपामिन कामाचं नाही, उलट उलट्या घडवतं, आणि मेंदूच्या वेशीवरून आत जाऊ शकत नाही. म्हणून गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा हा राखणदार घालतात. तो वाटेतली नासाडी थांबवतो, मग थोडक्या औषधात काम होतं. बियांत हा राखणदार नाही. शिवाय कुठल्या वेलीच्या बीत किती लेव्होडोपा आहे याचा भरवसा नाही. आणि गोळी चालू असताना कोणी वर चमचाभर चूर्ण घेतलं, तर डॉक्टरांनी गुंजेच्या मापाने बसवलेला डोस पार बिघडतो. मामांच्या ओळखीतल्या एकाने असंच केलं आणि त्यांचं अंग दिवसभर वळवळत राहिलं. चूर्ण घ्यायचंच असेल तर निदान डॉक्टरांना सांगून घ्या. लपवून घेऊ नका.

गोळी, पेज आणि माशाची आमटी

लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतो तो प्रथिनांच्याच दारातून. त्यामुळे पोटात भरपूर मासे, अंडी, डाळ असताना गोळी घेतली तर दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. आमच्याकडे दुपारी गोळी 'लागत' नव्हती त्याचं कारण सुरमई होती. आता मामा गोळी जेवणाच्या पाऊण-एक तास आधी घेतात. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेचा फारसा त्रास होत नाही. मासे बंद केले नाहीत, ते केले असते तर मामांनी आम्हाला बंद केलं असतं. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाला अडवतात, त्यांत अंतर ठेवावं लागतं.

"इतक्यात गोळी नको, नंतर चालायची नाही," हा सल्ला गावात जो तो देतो. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, दोन डोसांच्या मध्ये माणूस पुन्हा थिजतो, कधी जास्त डोसने अंग वळवळतं, हे खरं. पण ते मुख्यतः आजार पुढे सरकल्यामुळे होतं : पेशी कमी उरतात आणि औषध साठवून पुरवून वापरायची कोठारंच संपत जातात. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना लगेच आणि निम्म्यांना ४० आठवड्यांनी लेव्होडोपा सुरू केला. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही आणि वाढलाही नाही. मग मधले महिने फुकट थिजून का काढायचे?

पेशींची झीज थांबवणारं औषध मात्र अजून नाही. जे आहे ते वंगण भरणारं आहे. काही गोळ्या डोपामिनची नक्कल करतात. त्यांतल्या काहींनी एखाद्याला मटक्याचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागू शकतो, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवावं. निवडक रुग्णांत मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीने वीज देतात. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे सुरू झालेली ही शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यातही होते. गोळीचा असर चांगला असून चढउतार फार आहेत अशांना ती उपयोगी. आणि कुठलीही गोळी अचानक बंद करू नये. दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात भरती झालात तरी वेळापत्रक खिशात ठेवून तिथल्या सिस्टरला दाखवा.

मग हा होतो कशाने? फवारणीने?

आंबा बागायतदारांच्या गावात हा प्रश्न येणारच. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक थिजून दवाखान्यात आले. त्यांनी टोचलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती आणि तिने काळ्या पट्ट्यातल्या पेशी काही दिवसांत मारल्या होत्या. शरीरात त्या भेसळीचं जे रूप होतं ते पॅराक्वाट या तणनाशकासारखं दिसतं, तेव्हापासून संशयाची सुई तिकडे वळली. पॅराक्वाट हाताळणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्वित्झर्लंडने ते १९८९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००७ मध्ये बंद केलं, त्यामागे त्याचा जीवघेणा विषारीपणाही होता. म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होणार असं नाही, आणि मामांना कशाने झाला ते सांगता येणार नाही. पण उघड्या अंगाने, तोंडाला नुसता पंचा बांधून पंप मारणाऱ्या पोरांना मी आता बडबडतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क आणि घरी आल्यावर आंघोळ.

मुलांना होईल का, हे मामांचं पहिलं वाक्य होतं, स्वतःच्या आधी. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा कोणी नसतो. १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतो. हंटिंग्टनसारखा निम्मा-निम्मा हिशेब इथे नाही. वय हाच मोठा धोका. साठीपुढच्या शंभरांत साधारण एकाला हा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून जास्त माणसांना तो होता. ज्या गावांतून तरुण मुंबईला गेले आणि म्हातारे मागे राहिले, तिथे हे शंभरात एक जास्तच डोळ्यांत भरतं.

सपाट पडवीत अडतो, पाखाडी चढतो

आता या आजारातली मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. मामा पडवीतून माजघरात जाताना उंबरठ्यापाशी थिजतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आणि तेच मामा घरामागची जांभ्याची पाखाडी, चाळीस पायऱ्या, तालात चढून देवळात जातात. वाडीतले म्हणायचे, बघा, मनात असलं की जमतं यांना!

मनाचा प्रश्न नाही. सपाट जमिनीवर पाऊल टाकण्याचा हुकूम मेंदूने आतून, आपसूक द्यायचा असतो, आणि तो त्या बिघडलेल्या उघाडीतून येतो. समोर पायरी असली की डोळा मेंदूला बाहेरून खूण देतो, आणि ती खूण दुसऱ्या वाटेने, उघाडीला वळसा घालून पायापर्यंत पोचते. तालाचंही तेच. टाळ वाजले, शिमग्याचा ढोल घुमला, की थिजलेला पाय सुटतो. म्हणून जगभर या रुग्णांना जमिनीवर आडव्या पट्ट्या, ठेका, नाच यांच्या आधाराने चालायला शिकवतात. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतली पार्किन्सन्स रुग्णांची संस्था असे व्यायाम आणि भेटी घेतात. खेड्यातल्या माणसाला फोनवरून विचारलं तरी पुष्कळ कळतं. नेमाचा व्यायाम गोळीइतकाच गरजेचा आहे. पावसाळ्यात मात्र पाखाडीवर शेवाळ असतं, तेव्हा मामांची पाखाडी बंद.

थिजलेल्या माणसाला ओढू नये, तोल जातो. "चला चला" म्हणून घाई केली तर आणखी अडतात. त्यांच्या पुढ्यात आपलं पाऊल आडवं ठेवावं आणि ते ओलांडायला सांगावं, किंवा "एक, दोन" म्हणावं.

आमच्या पडवीत आता पाखाडीच्या पायऱ्यांच्या अंतराने चुन्याच्या आडव्या रेघा आहेत, ओटीपासून उंबरठ्यापर्यंत नऊ. जमीन शेणाने सारवली की त्या पुसल्या जातात. मग मामी तुळशीपुढची रांगोळी नंतर ठेवते, आधी वाकून त्या नऊ रेघा ओढते, आणि मामा खुर्चीत बसून "शेवटची जरा वाकडी आली" असं पुटपुटतात.